खिशातली मैफल

दिवाळीपूर्वीची साफसफाई ही घराची असते असे आपण म्हणतो. पण माझा अनुभव असा की, ती बहुतांशी घरधन्याच्या सामानाची असते. आमच्याकडे तरी माळ्यावरून जे निघते आणि कुणालाच नको असते, ते हटकून माझे ठरते. गेल्या वर्षी नवरात्र संपते न संपते तोच माळा उपसला गेला आणि त्यातून बुटांची तीन खोकी खाली आली. बूट मात्र त्यांत नव्हते. होत्या एकशे बारा सीडी.

"अहो, या चकत्यांचं काय करायचं ते एकदा ठरवा," आमच्या सौ. म्हणाल्या. "वाजवायचं यंत्र मोडीत गेलं त्याला चार वर्षं झाली. लाटण्याशिवाय नुसतं पोळपाट जपून ठेवावं तसं चाललंय तुमचं."

उपमा बिनतोड होती. मी शरण जाण्याच्या बेतात असतानाच पुण्याहून धाकटा पुतण्या आला. त्याने खिशातून काड्यांच्या पेटीएवढे एक यंत्र काढून माझ्या तळहातावर ठेवले.

"काका, तुमची तिन्ही खोकी यात मावतील. वर जागा उरेल ती निराळीच."

असे म्हणत तो खोकी चाळू लागला आणि चाळता चाळता एका सीडीपाशी थांबला. तिला वेष्टन नव्हते, चित्र नव्हते. तिच्या पाठीवर शाईच्या जाड पेनाने माझ्याच अक्षरात दोन शब्द लिहिलेले होते : 'आत्या, कोजागिरी.'

ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मुलींच्या शाळेत गाणे शिकवीत असे. रेडिओवर ती कधी गायली नाही, तिची तबकडी कधी निघाली नाही. पण १९८१ सालच्या कोजागिरीला आमच्या सांगलीच्या वाड्यात ती तासभर गायली, तेव्हा बाबांनी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. यमन, मग एक नाट्यपद आणि शेवटी भैरवी. साठ मिनिटांची ती कॅसेट आम्ही वर्षानुवर्षे ऐकली. २००३ साली एका दुकानात देऊन मी तिची सीडी करवून घेतली. पुढे कॅसेटला बुरशी धरली आणि ती टाकून दिली. आत्या २०११ साली गेली. म्हणजे त्या घडीला तिचा आवाज सगळ्या जगात फक्त या एका चकतीवर उरला होता आणि ती चकती मी बुटांच्या खोक्यात ठेवली होती!

"वाचते का बघू या," पुतण्या म्हणाला.

'वाजते का' नव्हे; 'वाचते का'. या एका अक्षराच्या फरकात सारी विद्या आहे हे मला नंतर कळले. ती विद्या मी या वयात, बऱ्याच चुका करून शिकलो. ज्यांच्या माळ्यावर अशी खोकी पडून आहेत त्या वाचकांस ती उपयोगी पडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

चकतीवर असते काय?

ग्रामोफोनच्या तबकडीवर आवाजाचीच रेघ कोरलेली असे. सुई त्या रेघेतून थरथरत गेली की तीच थरथर कर्ण्यातून बाहेर पडे. सीडीवर आवाज नसतोच. असतात ते आकडे. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० साली मिळून तिचे नियम ठरविले आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात तिची विक्री सुरू झाली. नियम असा की, आवाजाची लाट सेकंदाला ४४,१०० वेळा मोजावयाची. तीही डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळी. प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी जिच्या सर्वांत जवळ असेल त्या पायरीवर बसवायचे. हिशेब केला तर प्रत्येक सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. तासाभराच्या गाण्याला सुमारे ६३५ मेगाबाइट.

हे आकडे सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने एका नागमोडी नव्हे, तर चक्राकार ओळीत लिहिलेले असतात. ओळ मध्याशी सुरू होते आणि काठाकडे जाते. तिच्या दोन वेढ्यांतले अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अशा चाळीसेक ओळी बसाव्यात. ही ओळ सरळ केली तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल. तिच्यावरून लेसरचा किरण फिरतो आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून यंत्र आकडे ओळखते.

एवढ्या बारीक लिखाणावर धूळ बसणार, ओरखडे उठणार, हे कर्त्यांना ठाऊक होते. म्हणून आकडे सरळ क्रमाने न लिहिता विखरून लिहिलेले असतात आणि जोडीला पडताळ्याचे जादा आकडे दिलेले असतात. आयर्विंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेली ही युक्ती आहे. वाण्याच्या दुकानात पैसे देताना आपण मोबाइल ज्या ठिपक्यांच्या चौकोनासमोर धरतो, त्याचा एखादा कोपरा मळला तरी तो वाचला जातो, तो याच गणिताच्या बळावर. सीडीवर ओळीच्या दिशेने दोन-अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा असला, तरी हरवलेले आकडे पुन्हा तंतोतंत काढता येतात.

त्याहून मोठी जखम असेल तर? मग सीडी वाजविणारे यंत्र एक लबाडी करते. अलीकडचा आकडा आणि पलीकडचा आकडा पाहून मधला आकडा अंदाजाने ठोकून देते. आपल्या कानाला पत्ताही लागत नाही. गाणे वाहत असते, त्याला थांबता येत नाही. तेव्हा ही लबाडी तिथे क्षम्य आहे. नक्कल करताना मात्र ती क्षम्य नाही. कारण तो अंदाज पुढे कायमचा खरा म्हणून राहणार असतो.

उसवण्याची विद्या

सीडीवरील आकडे जसेच्या तसे संगणकात उतरवून घेणे याला इंग्रजीत 'रिप' करणे म्हणतात. रिप म्हणजे उसवणे, फाडणे. शब्द जरा आडदांड आहे. काम मात्र शिंप्याचे आहे. शिवण उसवताना घाई केली तर कापड फाटते, तसेच येथे होते.

कुणी म्हणेल, पेन ड्राइव्हवरून फाइल उतरवतो तशी सीडीवरची उतरवली, यात विद्या कसली? इथेच मेख आहे. संगणकाच्या माहितीसाठी जी सीडी असते तिच्या २,३५२ बाइटच्या प्रत्येक कप्प्यात माहिती २,०४८ बाइटच भरतात. उरलेले ३०४ बाइट कप्प्याचा पत्ता आणि जादा पडताळा यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात. गाण्याच्या सीडीत सर्वच्या सर्व २,३५२ बाइट गाण्यालाच दिलेले असतात. त्यामुळे वाचणारे यंत्र मध्येच थांबून पुन्हा सुरू झाले, तर नेमके त्याच जागी येईल याची शाश्वती नसते आणि चुकीचा आकडा आला तर ओरडून सांगणारा दुसरा पहारेकरीही नसतो.

म्हणून जाणकार मंडळी साधा सरधोपट कार्यक्रम न वापरता, एकच जागा पुनःपुन्हा वाचून ताडून पाहणारा कार्यक्रम वापरतात. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा त्यांतला नावाजलेला. १९९८ पासून तो चालत आला आहे आणि खासगी वापराला फुकट मिळतो. दोन वाचने जुळली नाहीत तर तो तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, हट्टाने वाचतो; तरीही जमले नाही तर कोणत्या गाण्यात कोणत्या सेकंदाला चूक राहिली ते लिहून देतो. शिवाय उतरवलेल्या आकड्यांची एक छोटी बेरीज काढून, त्याच सीडीवरून जगभरच्या लोकांनी काढलेल्या बेरजांशी इंटरनेटवरून ताडतो. या सोयीला 'ॲक्युरेटरिप' म्हणतात. तुमची बेरीज आणि दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या यंत्रावरच्या, अनोळखी माणसाची बेरीज एकच निघाली, की समजावे, नक्कल बिनचूक आहे. साक्षीदार परस्परांना ओळखत नसताना त्यांचा जबाब जुळावा, तसेच हे.

आता दोन व्यावहारिक गोष्टी. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये सीडीची खाचच नसते. पण यूएसबीने जोडायचे सुटे यंत्र हजार-दोन हजार रुपयांत मिळते. आणि सीडी पुसायची असेल तर मऊ सुती फडक्याने मध्यापासून काठाकडे सरळ पुसावी. गोल गोल घासू नये. गोल घासताना उठलेला ओरखडा लिखाणाच्या ओळीबरोबर धावतो आणि लांबलचक मजकूर खाऊन टाकतो. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्यात थोडेसेच खातो, आणि तेवढे गणिताने भरून निघते. आणखी एक : आपण चकचकीत बाजूला जपतो आणि छापील बाजू टेबलावर आपटतो. वास्तविक प्रकाश परतवणारा पातळ थर छापील बाजूच्या लगत, नुसत्या लाखेच्या लेपाखाली असतो. तिथे खरवडले तर औषध नाही.

माझे २००४ सालचे पाप

हे सगळे ज्ञान मला २००४ साली असते तर बरे झाले असते. त्या साली मी पहिल्यांदा खिशातले यंत्र विकत घेतले. त्यापूर्वी तीन वर्षे, म्हणजे २००१ साली, ॲपल कंपनीने आयपॉड काढून हजार गाणी खिशात घालता येतात असे जगाला सांगितले होते. माझे यंत्र गरीब होते. त्यात २५६ मेगाबाइट जागा. म्हणजे सीडी जशीच्या तशी घातली तर अर्धीसुद्धा मावायची नाही. तेव्हा दुकानदाराने सांगितले तसे सारे '१२८ च्या एमपीथ्री'त करून टाकले. साडेचार तासांचे गाणे त्यात बसले. मला स्वर्ग दोन बोटे उरला.

एमपीथ्री म्हणजे काय हे इथे सांगितले पाहिजे. जर्मनीतल्या एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांचा या पद्धतीत मोठा वाटा. कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग हे त्यांतले प्रमुख नाव. त्यांनी कानाचा स्वभाव कामाला लावला. देवळात आरतीची घंटा दणादणा वाजत असताना शेजारचा माणूस कुजबुजला तर ऐकू येत नाही. मोठा आवाज आपल्या जवळपासच्या लहान आवाजाला झाकून टाकतो. मग जे ऐकूच येणार नाही ते लिहून जागा कशाला अडवायची? एमपीथ्री गाण्याचे बारीक तुकडे पाडते. ११५२ मापांचा एक तुकडा, म्हणजे सेकंदाचा सुमारे अडतिसावा भाग. प्रत्येक तुकड्यात काय झाकले जाईल याचा अंदाज बांधते, आणि झाकल्या जाणाऱ्या भागाचे लिखाण ओबडधोबड करून जागा वाचवते. '१२८' म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट. मूळ सीडीच्या अकराव्या हिश्श्याएवढे. पाश्चात्त्य नाचगाण्यात हे खपूनही जाते. आपल्या गाण्यात कुठे अडते पाहा.

पहिली गोष्ट तबला. त्याचा 'ना' सुईच्या टोकासारखा असतो. आधी शांत, मग एकाएकी आघात. ओबडधोबड लिखाणाची चूक मात्र सबंध तुकड्यावर पसरते, आघाताच्या आधीच्या शांत भागावरसुद्धा. घोडा यायच्या आधीच धूळ उडावी तसे होते. चांगला एन्कोडर आघात ओळखून तिथे लहान तुकडे पाडतो. पण १२८ च्या तुटपुंज्या शिध्यात त्याचेही हात बांधलेले असतात.

दुसरी गोष्ट तंबोरा. बाबांनी मिरजेत करवून घेतलेला तंबोरा आमच्या घरी होता. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; आम्हाला त्यांची थोरवी आधीपासून ठाऊक होती. त्या जोडाच्या तारेखाली घोडीवर सुताचा धागा सरकवून जवारी लावली, की एका स्वरातून पाच-सात स्वर उमलत आणि क्षणाक्षणाला बदलत. ती झळाळी वरच्या बारीक स्वरांत असते आणि जागेची टंचाई आली की एमपीथ्रीची कात्री प्रथम तिथेच चालते. माझ्या २००४ सालच्या नकलांत तंबोरा पाण्यात बुडवून वाजविल्यासारखा येतो.

एवढ्यावर भागले असते. पण नकला झाल्या, आता सीडी कशाला, म्हणून मी चाळीसेक सीडी वाटून टाकल्या! त्यांतल्या काही आज बाजारात मिळत नाहीत. पुतण्याला विचारले, "अरे, आता याच फाइली ३२० च्या करून घेतल्या तर?" तो हसला. "काका, ताकाचं पुन्हा दूध होतं का?" एकदा गेलेले आकडे गेले. उलट एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री केली तर झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखी आणखी उतरते.

घडी आणि कात्री

यावर उपाय आहे, आणि तो फार सोपा आहे. पैठणी पेटीत बसत नसेल तर दोन मार्ग : कापून लहान करणे किंवा नीट घडी घालणे. एमपीथ्री कात्री आहे. 'फ्लॅक' नावाची पद्धत ही घडी आहे. जोश कोल्सन याने ती तयार केली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००१ साली आली. ती एकही आकडा टाकत नाही. मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काय येईल याचा अंदाज करते आणि अंदाज किती चुकला तेवढेच लिहून ठेवते. उलगडले की मूळ सीडीतला आकडा न् आकडा परत. जागा मूळच्या साधारण निम्म्यापासून साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत लागते.

२००४ साली ही चैन परवडणारी नव्हती. आज नखाएवढ्या कार्डात १२८ गिगाबाइट मावतात, म्हणजे माझ्या त्या पहिल्या यंत्राच्या पाचशे पट. माझ्या सगळ्या सीडी फ्लॅकमध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसल्या. तेव्हा माझा आता एकच नियम आहे : सीडी एकदाच उसवावी, सावकाश आणि पडताळून, ती फ्लॅकमध्ये ठेवावी, आणि प्रवासासाठी लहान प्रत लागलीच तर ती त्या फ्लॅकवरून करावी. लहान प्रत हरवली तर हरवू द्या, दुसरी करता येते. लहान प्रतीला मूळ समजून मूळ फेकून देऊ नका. मी फेकले.

लहान प्रत करायचीच तर 'लेम' या एन्कोडरचा 'व्ही-२' दर्जा चांगला. यात ठराविक १२८ किंवा १९२ असा शिधा नसतो. सोप्या जागी कमी, अवघड जागी जास्त असे वाटप होऊन सरासरी सुमारे १९० किलोबिट पडते. बसमध्ये, स्वयंपाकघरात, फिरायला जाताना मला तरी यात आणि सीडीत फरक ओळखता आलेला नाही.

नाव काय सांगाल?

आकडे उतरले तरी अर्धेच काम झाले. साध्या सीडीवर गाण्याची नावे नसतातच. असते ती फक्त अनुक्रमणिका : पहिले गाणे कुठे सुरू होते, दुसरे कुठे. संगणक त्या लांब्यांवरून सीडी ओळखतो आणि लोकांनी भरून ठेवलेल्या यादीतून नावे आणतो. १९९० नंतरच्या दशकात हौशी लोकांनी ही सोय उभी केली. आज 'म्युझिकब्रेन्झ' ही अशीच, स्वयंसेवकांनी चालविलेली यादी आहे.

आपल्या रागसंगीताची मात्र तिथे पंचाईत होते. रकाने पाश्चात्त्यांच्या गरजेचे : कलाकार, अल्बम, संगीतकार, प्रकार. मारुबिहागाचा 'संगीतकार' कोण लिहावा? तबल्यावर कोण, पेटीवर कोण, ताल कोणता, यांना जागाच नाही. एका सीडीत गायकाच्या जागी रागाचे नाव आणि रागाच्या जागी 'ट्रॅक ०२' असे आले होते. मी प्रत्येक गाण्याच्या नावातच राग, लय आणि ताल लिहितो. साथीदारांची नावे टिपणाच्या रकान्यात. वेळ लागतो. पण नाव गेले की माणूस गेला.

हे शहाणपण नवे नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने कलकत्त्याला गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा तीन-एक मिनिटांच्या त्या गाण्याच्या शेवटी ती आपले नाव मोठ्याने इंग्रजीत सांगत असे. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोण गाते आहे हे कळावे कसे? म्हणून गाण्याच्या पोटातच नाव. आज आपण संगणकाच्या रकान्यात जे भरतो ते हेच.

समेवरचा खड्डा

आणखी एक खोड सांगतो, कारण ती आपल्या गाण्याला फार बोचते. सीडीत विलंबित हा पहिला भाग आणि द्रुत हा दुसरा भाग असे पाडलेले असतात. पण मध्ये खंड नसतो, तंबोरा चालूच असतो. एमपीथ्रीचे तुकडे ठरलेल्या लांबीचे. शेवटचा तुकडा अपुरा पडला तर तो शांततेने भरावा लागतो, आणि सुरुवातीलाही थोडी शांतता चिकटते. परिणाम असा की, विलंबितातून द्रुतात जाताना तंबोरा उचकी लागल्यासारखा क्षणभर तुटतो. 'लेम' किती शांतता चिकटवली याची नोंद फाइलमध्ये करून ठेवतो. खिशातले यंत्र ती नोंद वाचणारे असेल तर उचकी जाते. यंत्र घेताना दुकानात हेच तपासून घ्यावे. फ्लॅकमध्ये ही भानगडच नाही.

कायद्याविषयीही विचारले जाते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, स्वतःच्या खासगी उपयोगासाठी केलेला रास्त वापर हा ध्वनिमुद्रणांच्या बाबतीतही अपराध मानलेला नाही. विकत घेतलेली सीडी स्वतःच्या खिशात उतरवणे आणि तिच्या नकला गावभर वाटणे, यांतला फरक सुज्ञांस सांगावयास नको. सीडी देऊन टाकून नक्कल ठेवून घेण्याला रास्त कोण म्हणेल? म्हणजे माझे २००४ सालचे पाप दुहेरी होते.

आत्याची सीडी

आता मूळ गोष्टीकडे येतो. दुकानात विकत मिळणाऱ्या सीडीत खळगे साच्यातून छापलेले असतात. घरी किंवा दुकानात 'करवून घेतलेल्या' सीडीत खळगे नसतात. तिथे रंगाचा एक थर असतो आणि लेसरने त्यावर खुणा उमटवलेल्या असतात. ऊन, उष्णता, ओल यांनी तो रंग हळूहळू उतरतो. आमचा माळा पत्र्याखाली होता हे सांगितले म्हणजे पुरे.

आणि या सीडीला साक्षीदार नव्हता. विकतच्या सीडीसाठी जगभरातून बेरजा मिळतात. आत्याची कोजागिरी जगात दुसऱ्या कुणापाशी नव्हती. तेव्हा आम्हीच दोन साक्षीदार उभे केले. एक पुतण्याचे यूएसबीचे यंत्र, आणि दुसरे शेजारच्या बिऱ्हाडातल्या जुन्या संगणकाचे. दोन्ही यंत्रे सर्वांत कमी वेगावर लावली. यमन दोन्हीकडे उतरला, बेरजा जुळल्या. नाट्यपद उतरले, जुळले. भैरवीशी मात्र यंत्र घरघरू लागले. ओळ मध्याकडून काठाकडे जाते म्हणून शेवटचे गाणे काठाशी, आणि रंग उतरला होता तो काठाशीच.

रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघे त्या पडद्यासमोर बसलो होतो. नव्या यंत्राने चार सेकंदांचा भाग वाचलाच नाही. जुन्याने त्यातला निम्म्याहून अधिक वाचला. पुन्हा पुसून, पुन्हा लावून, पुन्हा वाचून शेवटी दोन सेकंदांहून थोडे कमी असे गेलेच. भैरवीच्या आलापात, मध्यमावर ठेहराव घेऊन ती खाली उतरते तिथे.

"काका, हे भरता येईल," पुतण्या म्हणाला. "तोच स्वर दोन मिनिटं आधी लागलाय. तिथला तुकडा घेऊन इथं जोडतो. कुणाला ओळखूसुद्धा येणार नाही."

त्याचे खरे होते. ओळखू आले नसते. मी बराच वेळ गप्प राहिलो. मग म्हणालो, "नको रे. जे तिनं त्या जागी गायलं नाही, ते तिच्या नावावर नको."

तिथे आम्ही तेवढीच शांतता ठेवली, आणि टिपणाच्या रकान्यात काय हरवले, कोणत्या मिनिटाला आणि का, ते लिहून ठेवले. गाणाऱ्याचे नाव, गाव, तिथी, तंबोऱ्यावर कोण, पेटीवर कोण, सारे लिहिले. तबल्यावर कोण होते ते आठवेना. ती जागा रिकामी ठेवली. फ्लॅकच्या तीन प्रती केल्या : एक आमच्याकडे, एक पुण्याला, एक आतेबहिणीकडे नागपूरला. खिशातल्या यंत्रासाठी लहान प्रत निराळी.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी नागपूरहून आतेबहिणीचा फोन आला. आईचा आवाज तिने कैक वर्षांनी ऐकला होता. मला वाटले, ती भैरवीतल्या त्या खड्ड्याविषयी बोलेल. ती म्हणाली, "दादा, यमन चालू असताना मागं वाटी पडल्याचा आवाज येतो बघ. ती मी पाडली होती. सात वर्षांची होते. दूध सांडलं म्हणून मामांनी डोळे वटारले होते, पण टेप चालू म्हणून बोलता येईना त्यांना." आणि ती हसता हसता रडू लागली. मग आपणहून म्हणाली, "तबल्यावर आमच्या शेजारचे मास्तर होते. लिहून ठेव."

रिकामी जागा भरली.

वाचकहो, यंदाही माळा उपसला जाईलच. खोक्यांत विकतच्या सीडी असतील तर त्यांना घाई नाही, सवडीने उतरवा. पण हाताने नाव लिहिलेली एखादी असेल, मुंजीतले गाणे, आजोबांचे कीर्तन, शाळेच्या गॅदरिंगमधली नाट्यछटा, तर ती या सुट्टीतच बाहेर काढा. तिचा रंग दिवाळी पाहून थांबत नाही.

आमच्याकडे निकाल असा लागला. सौ. म्हणाल्या, "आता तरी खोकी टाकू ना?"

मी म्हणालो, "खोकी टाका. सीडी राहू द्या."

आत्याची चकती आता कपाटात, पैठणीच्या घडीशेजारी उभी आहे. ती जागा मात्र सौ. नीच दिली.